मत कुजवणं: भंडाऱ्याच्या मतपेटीपासून कमेंटच्या लाईकपर्यंत

जयंतीची मिरवणूक झाली की दोन-तीन दिवस सोलापुरातल्या न्यूज पोर्टलांवर तिच्याच बातम्या असतात. यंदा अशाच एका बातमीखाली सर्वांत वर एक कमेंट होती. रस्ते यांनी अडवायचे, टॅक्स आम्ही भरायचा, आरक्षण यांनी खायचं, असा नेहमीचा मजकूर. पण पंधरा-वीस मिनिटांत तिला चारशेच्या वर लाईक पडले होते. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाने खाली शांतपणे, मुद्देसूद उत्तर लिहिलं. त्याला नऊ लाईक मिळाले आणि ते तळाला गेलं. ज्यांनी लाईक दिले होते त्यातली काही प्रोफाईल आम्ही उघडून पाहिली. अनेकांना फोटो नाही, एकही पोस्ट नाही, मित्र नाहीत. ही माणसं होती की यंत्र, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण संशय यावा असंच ते होतं.

संध्याकाळी बुधवार पेठेत आम्ही बसलो होतो तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "ताई, लाईक विकत मिळतात. एकाकडे सॉफ्टवेअर आहे. आपण पण वर्गणी काढू. त्यांची कमेंट खाली, आपली वर." बाकीची पोरं माझ्याकडे बघायला लागली. माझ्याकडे तेव्हा नीट उत्तर नव्हतं. "बरोबर नाही ते," एवढंच म्हणाले. पोरांना ते पटलं नाही, आणि पटू नये असंच ते उत्तर होतं. म्हणून हा लेख.

आधी हे समजून घेऊ की त्या चारशे लाईकचा उपयोग काय. कमेंट वाचणारा माणूस शंभर कमेंट वाचत नाही, वरच्या तीन-चार वाचतो. वर काय दिसणार हे बऱ्याच ठिकाणी लाईक आणि रिप्लाय यांवर ठरतं. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत ज्याच्याकडे संख्या, त्याचंच म्हणणं "लोकांचं मत" म्हणून पुढच्या हजारो वाचकांना दिसतं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मुचनिक, अराल आणि टेलर या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या एक लाखाहून जास्त कमेंटवर त्यांनी तो केला होता. काही कमेंटना जन्मतःच एक खोटं पसंतीचं मत दिलं. फक्त एक. तेवढ्याने पुढच्या वाचकाने पसंती देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्क्यांनी फुगला. उलट, खोटं नापसंतीचं मत दिलं तर नंतरचे वाचक ते भरून काढत होते. खोट्या निंदेला लोक हटकतात, खोट्या कौतुकामागे मात्र चालू लागतात. एका मताने एवढं होत असेल तर चारशेने काय होईल?

ही यंत्रं नवीन नाहीत. १९९९ साली अमेरिकेत 'स्लॅशडॉट' या संकेतस्थळाने संगणकशास्त्राचं सर्वोत्तम विद्यापीठ कोणतं, असा कौल घेतला. कार्नेगी मेलनच्या विद्यार्थ्यांनी आपोआप मत देणारा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्या दिवशी एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी तसाच प्रोग्राम लिहून उत्तर दिलं. शेवटी एमआयटीला २१,१५६ आणि कार्नेगी मेलनला २१,०३२ मतं पडली. बाकीच्या एकाही विद्यापीठाला हजार मतं नव्हती. जी विद्यापीठं प्रामाणिक राहिली ती यादीतच दिसेनाशी झाली. "मी रोबोट नाही" असं सिद्ध करायला लावणारी वाकड्या अक्षरांची चाचणी, म्हणजे कॅप्चा, पुढे याच कार्नेगी मेलनमध्ये तयार झाली.

आता आपल्या घरातली गोष्ट.

२०१२: आपण जिंकलो ते कसं?

२०१२ साली आउटलुक, सीएनएन-आयबीएन आणि हिस्टरी टीव्ही १८ यांनी 'द ग्रेटेस्ट इंडियन' नावाचा कौल घेतला. गांधींनंतरचा सर्वांत थोर भारतीय कोण, हा प्रश्न. पन्नास नावांतून दहा निवडली गेली आणि लोकांनी संकेतस्थळावर किंवा मिस्ड कॉल देऊन मत द्यायचं होतं. जनतेच्या कौलात बाबासाहेबांना जवळपास वीस लाख मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावरच्या अब्दुल कलामांना पावणेचौदा लाख. नेहरूंना दहा हजारही नव्हती. ऑगस्टमध्ये बाबासाहेबांचं नाव जाहीर झालं तेव्हा वस्त्यावस्त्यांत फटाके वाजले.

लगेच कुजबुज सुरू झाली. हे संघटित मतदान आहे, मेसेज फिरवून मतं गोळा केली आहेत. यातला "संघटित" हा शब्द आपण आरोप म्हणून का घ्यावा? मेसेज फिरवणं, आठवण करून देणं, मतदाराला केंद्रापर्यंत नेणं, हीच तर जगभर लोकशाहीची रीत आहे. ज्यांच्याकडे वर्तमानपत्रं आणि चॅनेल आहेत त्यांनी प्रचार केला तर ते जनमत, आणि आपल्या पोरांनी दोन रुपयांच्या रिचार्जवर मेसेज फिरवले तर ती हेराफेरी? हा दुटप्पीपणा आपण तेव्हाही मानला नाही, आजही मानायचं कारण नाही.

पण मला एक कबूल करायचं आहे. त्या पावसाळ्यात मी स्वतः तीन फोनवरून मिस्ड कॉल दिले होते. एक माझा, एक भावाचा, एक वडिलांचा. वडिलांना विचारलंसुद्धा नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने दिलंच असतं, पण विचारलं नव्हतं हे खरं. आपल्यातल्या आणि दुसऱ्या बाजूच्याही पुष्कळांनी हे केलं असणार. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं. कारण माझे तीन कॉल आणि कोणाच्या तरी सॉफ्टवेअरचे तीन लाख लाईक यांत फरक आकाराचा आहे, जातीचा नाही. संघटित मतदानात प्रत्येक मतामागे एक माणूस असतो. बनावट मतदानात एका माणसामागे हवी तेवढी मतं असतात. रेष इथे आहे.

आणि बाबासाहेबांचं थोरपण त्या कौलावर अवलंबून होतं का? कौल हरलो असतो तर घटना कोणी दुसऱ्याने लिहिली असती का?

कोरिया: आपलीच माणसं

बातम्यांखालच्या कमेंटमध्ये यंत्राने मतं घालण्याचं जगातलं सर्वांत गाजलेलं, न्यायालयात सिद्ध झालेलं प्रकरण दक्षिण कोरियातलं आहे. तिथले लोक बातम्या मुख्यतः 'नेव्हर' या पोर्टलवर वाचतात आणि कोणती कमेंट वर आहे हे पाहूनच हवा कोणत्या दिशेची ते ठरवतात. जानेवारी २०१८ मध्ये हिवाळी ऑलिम्पिकसाठी दोन्ही कोरियांचा मिळून महिला आइस हॉकी संघ करायचं ठरलं. त्या बातमीखाली सरकारवर टीका करणाऱ्या दोन कमेंटना अचानक शेकडो लाईक पडले. सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाला वाटलं, हे विरोधकांचं काम. पक्षाने तक्रार केली.

पोलिसांनी पकडले ते डेमोक्रॅटिक पक्षाचेच सदस्य निघाले. त्यांचा म्होरक्या 'ड्रुकिंग' या टोपणनावाने लिहिणारा किम डोंग-वोन हा माणूस होता. त्याच्या गटाने 'किंगक्रॅब' नावाचा प्रोग्राम बनवला होता. शेकडो खात्यांचे आयडी, त्यांत आळीपाळीने आपोआप लॉगिन आणि ठरलेल्या कमेंटवर क्लिक. सगळं मिळून हे क्लिक कोट्यवधींच्या घरात गेले. आधी ही फौज याच पक्षाच्या बाजूने वापरली गेली होती. मग आपल्या माणसाला हवं ते राजनैतिक पद मिळालं नाही म्हणून ड्रुकिंग बिथरला आणि तीच फौज त्याने सरकारवर फिरवली. २०२० मध्ये त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. या कटात सामील असल्याबद्दल दक्षिण ग्योंगसांग प्रांताचे गव्हर्नर किम क्योंग-सू यांनाही दोन वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०२१ मध्ये ती कायम झाली आणि त्यांचं गव्हर्नरपद गेलं.

अभ्यासिकेतल्या माझ्या मित्रा, हे प्रकरण तुझ्यासाठी आहे. ज्याच्याकडे सॉफ्टवेअर आहे असं तू म्हणालास तो कोणाचा माणूस आहे? आज आपली वर्गणी घेईल, उद्या त्यांची घेईल. भाड्याच्या फौजेला विचार नसतो. आणि एकदा आपण ती वापरली की आपल्या खऱ्या माणसांचे खरे लाईकसुद्धा भाड्याचेच आहेत, असं म्हणायला समोरचा मोकळा.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे हा बाजार नाही असं कोणी समजू नये. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी खोटे फॉलोअर आणि लाईक विकणाऱ्यांवर गुन्हा दाखल केला. फेसबुकमधून बाहेर पडलेल्या सोफी झांग यांनी दिलेली माहिती २०२१ मध्ये 'गार्डियन'ने छापली. भारतातल्या राजकारण्यांच्या पानांवर खोटे लाईक, शेअर आणि कमेंट पुरवणारी जाळी त्यांना सापडली होती. त्यातली दोन भाजपच्या बाजूची, दोन काँग्रेसच्या बाजूची. पुढे दिल्लीच्या निवडणुकीत आम आदमी पक्षाच्या बाजूचं एक. त्यातल्या एका जाळ्याशी भाजपच्या एका खासदाराचा थेट संबंध दिसत असूनही कंपनीने कारवाई टाळली, असं त्यांचं म्हणणं होतं. या यादीत आपल्या चळवळीचं नाव नाही. ते तसंच राहावं असं मला वाटतं.

दुसरी एक घटना आपण विसरू नये. जानेवारी २०२२ मध्ये 'द वायर'ने 'टेक फॉग' नावाच्या एका गुप्त अ‍ॅपची बातमी दिली. सत्ताधारी पक्षाच्या बाजूने ट्रेंड आणि कमेंट आपोआप फिरवणारं अ‍ॅप, असा दावा होता. आपल्यातल्या अनेकांनी ती बातमी डोळे झाकून शेअर केली, मीही केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, मेटाविषयीच्या दुसऱ्या एका बातमीचे पुरावे टिकले नाहीत तेव्हा, टेक फॉगच्या बातम्याही वायरने काढून घेतल्या. त्या दिवसापासून खऱ्या हेराफेरीबद्दल बोलणाऱ्यालाही "आणखी एक टेक फॉग" म्हणून उडवून लावणं सोपं झालं. आपल्याला सोयीची आहे म्हणून कच्ची गोष्ट पक्की होत नाही.

१९५२ आणि १९५४

आता मूळ मुद्दा. आपल्याला हा प्रश्न नवा वाटतो, पण चळवळीने तो सत्तर वर्षांपूर्वी सोडवलेला आहे.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेब साक्षीला गेले तेव्हा मताचा हक्क जमीन, महसूल आणि कर यांवर ठरत होता. ज्याच्याकडे मालमत्ता तो मतदार. आपल्या लोकांकडे मालमत्ताच नव्हती, म्हणजे मतही नाही. अस्पृश्यांसाठी ही अट खाली आणा, असं त्यांनी तेव्हा मांडलं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मतदानाची मागणी केली. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी सांगितलं की राजकारणात आता एक माणूस, एक मत, एक मूल्य हे तत्त्व आपण मान्य करतो आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहिलो तर ही लोकशाही धोक्यात येईल. पैशावर मोजलं जाणारं मत मोडून काढायला त्यांना तीस वर्षं लागली. विकतचे लाईक म्हणजे तीच जुनी व्यवस्था परत आणणं आहे. ज्याच्याकडे पैसा, त्याची मतं जास्त.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबई उत्तरमधून उभे होते. हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एक मोजला जाई, दुसरा बाद. याला तेव्हा "मत कुजवणं" म्हणत. त्या निवडणुकीत ७४ हजारांहून जास्त मतं बाद झाली. बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले ते सुमारे साडेचौदा हजारांनी. डांगे आणि इतरांनी मतं कुजवण्याचा पद्धतशीर प्रचार केला, असा आरोप करत बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. निकाल बदलला नाही. पण राग आला म्हणून त्यांनी मोर्चे काढून पेट्या फोडा असं सांगितलं नाही. आकडे घेतले, कायदा घेतला आणि न्यायाधिकरणापुढे गेले.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन मतं. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता, दोघांची युती. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यायचं आणि दुसरं कुजवायचं. सर्वसाधारण जागा सगळ्यांनाच खुली असते. मेहतांची मतं घटली तर राखीव जागेवर दुसरा कोणी पुढे गेला तरी बाबासाहेब त्या दुसऱ्या जागेवर निवडून येऊ शकतील. हिशेब चुकीचा नव्हता. शिवाय मुंबईत हेच आपल्याशी केलं गेलं होतं, म्हणजे कारणही होतं. बाबासाहेबांनी ठाम नकार दिला. ही हकिकत चळवळीत आजही सांगितली जाते. पडलो तरी चालेल, मत कुजवायचं नाही, अशी त्यांची भूमिका होती. लोकांनी ऐकलं. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले.

बुधवार पेठेत त्या संध्याकाळी मला हे आठवायला हवं होतं. "त्यांनी केलं म्हणून आपणही करू" हा युक्तिवाद बाबासाहेबांसमोर मांडला गेला होता. तो करणारे त्यांच्यावर जीव टाकणारे कार्यकर्ते होते. पणाला बाबासाहेबांची लोकसभेतली जागा होती, एखादी कमेंट नव्हे. त्यानंतर ते लोकसभेत कधीच निवडून गेले नाहीत. तरीही त्यांनी नाही म्हटलं. कारण ज्या समाजाला मत नुकतंच मिळालं आहे त्याने मत वाया घालवायला शिकलं तर त्याच्याकडे उरणार काय?

मग करायचं काय?

आपल्याच जिल्ह्यातलं मारकडवाडी आठवा. २०२४ च्या विधानसभा निकालात माळशिरस तालुक्यातल्या या गावाला आपल्या गावचे आकडे पटले नाहीत. गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला स्वतः मतपत्रिकेवर फेरमतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान होऊ दिलं नाही, गुन्हे दाखल झाले. गावाचा संशय बरोबर होता की चूक, तो वाद इथे नको. मला दिसतं ते एवढंच की त्यांना संशय तरी घेता आला. कारण गावनिहाय, केंद्रनिहाय आकडा जाहीर होतो. मतदान संपल्यावर उमेदवाराच्या प्रतिनिधीला १७-सी फॉर्म मिळतो. कमेंटच्या लाईकला असा कुठला फॉर्म आहे? कोणी दिले, कुठून दिले, किती मिनिटांत दिले, काहीच कळत नाही. तेव्हा आपली मागणी ही हवी: न्यूज पोर्टलांनी मोजणी उघडी करावी, एका खात्याला मर्यादा घालावी. हे अशक्य नाही. ड्रुकिंग प्रकरणानंतर नेव्हरने एका आयडीला दिवसाला पन्नास लाईकची मर्यादा घातली.

आपल्या बाजूने करता येण्यासारखं पुष्कळ आहे. संशयास्पद कमेंट दिसली की वेळेसह स्क्रीनशॉट घ्या. दहा मिनिटांनी पुन्हा घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा. लिंक जपून ठेवा. लाईक देणाऱ्या प्रोफाईलची नोंद करा. जातीवरून अपमान असेल, समाजाविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर असेल, किंवा बाबासाहेबांसारख्या दिवंगत महापुरुषाचा अवमान असेल तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची २०१५ ची दुरुस्ती नीट वाचा. तिच्यात त्यासाठी तरतूद आहे. गुन्हा मजकुराचा असतो, लाईकच्या संख्येचा नाही, म्हणून तक्रार मजकुरावर करा आणि आकड्यांचा पुरावा सोबत जोडा. आणि उत्तर लिहायचं तर स्वतःच्या नावाने लिहा. अभ्यासिकेतली पंधरा पोरं पंधरा वेगवेगळी, खरी उत्तरं लिहू शकतात. तेही पहिल्या दहा मिनिटांत. ते संघटन आहे आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही.

दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत जागा नव्हती तेव्हा ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. वर्गणीदार थोडे होते, पण खरे होते.

त्या मुलाने वर्गणीचा विचार अजून सोडलेला नाही. मी त्याला सांगितलंय, जमव. आपण त्यातून अभ्यासिकेत इंटरनेटचं कनेक्शन घेऊ आणि कमेंट लिहायला बसू, प्रत्येकाने आपापल्या एका खात्यावरून.

जय भीम!